अण्णांना काय लिहायचं

आमच्या जुन्या टूलरूमचा, म्हणजे कारखान्यातल्या साचे बनवायच्या खात्याचा, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर गुड मॉर्निंगची फुलं आणि 'ईपीएस-९५ ची (पीएफवाली) पेन्शन साडेसात हजार होणार' ही दर दोन महिन्यांनी येणारी अफवा, एवढंच असतं. त्यावर अण्णांच्या मुलीने, म्हणजे ताईने लिहिलं की बाबांची केमो डॉक्टरांनी थांबवलीय, पोटातला कॅन्सर लिव्हरमध्ये गेलाय, आता घरीच ठेवतोय, भेटायला कृपया येऊ नका त्यांना झेपत नाही, पण कोणाला काही कळवायचं असेल तर लिहा, मी वाचून दाखवीन. त्याखाली लगेच 'गेट वेल सून', जोडलेले हात, गणपती, 'अण्णा तुम्ही फायटर आहात', परत गणपती.

मी काही टाकलं नाही. मुलीने सरळ लिहिलंय की उपचार थांबवले आणि आपण म्हणतोय लवकर बरे व्हा, म्हणजे तिने लिहिलेलं आपण वाचलंच नाही असा त्याचा अर्थ होतो. लोक वाईट नाहीत हो, घाबरतात. मी पण घाबरलोच होतो. फक्त मला वाटलं की ग्रुपवर टाकायचं आणि त्या माणसाला पाठवायचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरं कसं करतात ते मला कोणी शिकवलेलं नाही. आपल्याकडे गेल्यावर काय बोलायचं त्याची पूर्ण तयारी असते, भावपूर्ण श्रद्धांजलीचा फोटो, शोकसभेतली भाषणं, दहाव्याला काय, तेराव्याला काय. पण माणूस अजून आहे, शुद्धीत आहे, आणि जाणार आहे हे त्यालाही माहीत आहे आणि आपल्यालाही, त्या मधल्या दिवसांसाठी आपल्याकडे शब्दच ठेवलेले नाहीत.

अण्णा कोण ते सांगतो. १९९६ ला मी आयटीआय करून वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागलो, टूल अँड डाय मेकर ट्रेड, डाय म्हणजे प्रेसवर पत्रा कापायचे साचे. आज तिथे रस्त्यांचे नुसते नंबर जुने राहिलेत, बाकी काचेच्या बिल्डिंगा आणि कॉल सेंटरं, पण तेव्हा रिक्षातून उतरलं की कूलंटचा वास यायचा आणि कुठल्या ना कुठल्या शेडमधून प्रेसचा आवाज चालूच असायचा. अण्णा तिथे टूलरूमचे सीनियर होते. फोरमन नव्हते, ते पद कंपनीने त्यांना कधी दिलं नाही, पण फोरमन स्वतः त्यांना विचारून कामं लावायचा. जन्म १९६२ चा, आणि त्याच साली एमआयडीसी झाली म्हणून म्हणायचे, सरकारने माझ्यासाठीच काढली ती. हा एक जोक ते प्रत्येक नवीन पोराला सांगायचे. बाकी दिवसभर तोंडातून शब्द नाही.

ते कसं शिकवायचे ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिले काही महिने मला मशीनला हात लावू दिला नाही, वाईसला उभं करून कानस मारायला लावली, ते तर सगळीकडेच असतं. पण एक दिवस संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर म्हणाले थांब, आणि ग्राइंडरजवळची ट्यूब घालवली. स्टोअरमध्ये स्टीलच्या बारांवरचे ओळखीचे रंग पुसले गेले होते, कुठला साधा माइल्ड स्टील, कुठला डी-टू, म्हणजे डायसाठीचं कडक स्टील, कोणालाच कळेना. अण्णांनी एकेक तुकडा व्हीलला टेकवला आणि म्हणाले बघ. माइल्ड स्टीलची ठिणगी लांब जाते, पिवळट, आणि टोकाला फारशी फुटत नाही. कार्बन जास्त असला की ती टोकाला फुलते, बारीक बारीक फांद्या फुटतात. डी-टूमध्ये कार्बन दीड टक्का असतो पण क्रोमियम बारा टक्के, म्हणून तिची ठिणगी आखूड, तांबूस, जरा मरगळलेली. हायस्पीड स्टीलची तर त्याहून मंद. अंधारात अर्धा तास आम्ही ते बघत होतो आणि एवढ्या वेळात ते जेमतेम चारपाच वाक्यं बोलले असतील. शेवटी मला तुकडे उलटसुलट करून ओळखायला लावले, सगळे बरोबर आले तेव्हा म्हणाले, 'चल, गाडी चुकेल.' शाबासकी वगैरे नाही.

आता असल्या माणसाला काय लिहायचं सांगा.

पहिलं जे सुचलं ते सगळं शाल-श्रीफळ छाप. 'आपले मार्गदर्शन', 'आपले संस्कार', 'आधारवड'. आमच्या पुतण्याने तर मोबाइलवर त्या एआयला सांगून दोन सेकंदात मेसेज करून दिला, त्यात 'आपण माझ्या जीवनातील दीपस्तंभ आहात' असं होतं, एकही चूक नाही, शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं, आणि कंपनीतल्या कुठल्याही माणसाने कुठल्याही माणसाला पाठवावा असा. अण्णांनी ऐकलं असतं तर विचारलं असतं, कितीचा बोल्ट लागतो रे तुझ्या दीपस्तंभाला. पुतण्याला वाईट वाटलं, पण त्याला म्हटलं अरे हा निरोप समारंभात वाचायचा मजकूर आहे, तिथे समोर शंभर खुर्च्या असतात आणि सत्कारमूर्ती नुसती मान हलवते. इथे ऐकणारा एकच आहे आणि तो पलंगावर आहे.

माझी मावसबहीण नर्स आहे, घरी जाऊन कॅन्सरचे पेशंट बघते, पॅलिएटिव्ह केअर म्हणतात ते. तिला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, 'त्यांना माहितीये का?' कारण म्हणे अर्ध्या घरांत पेशंटला सांगितलेलंच नसतं, आणि पेशंटला कळलेलं असतं पण तो घरच्यांसाठी न कळल्यासारखं करतो, दोन्हीकडून नाटक चालू, आणि त्यात बाहेरून कोणीतरी 'तुम्ही आम्हाला कायम आठवाल' असला मेसेज पाठवतो आणि सगळं फुटतं. तर ते आधी विचारून घे म्हणाली. मी ताईला विचारलं. ताई म्हणाली, बाबांनी गेल्या महिन्यात स्वतःहून पीएफचा नॉमिनी आणि बँकेतलं जॉइंट नाव बघायला लावलंय, लॉकरची चावी आईला दाखवून ठेवलीय, आणि त्यांचा मायक्रोमीटर, बारीक मापं घ्यायचं हत्यार, तेल लावून पिशवीत गुंडाळून भाच्याला दिलाय. मग काय विचारायचं राहिलं. ज्याला माहीत नसतं तो मायक्रोमीटर देत नाही.

बहिणीने अजून एक सांगितलं जे मला सगळ्यात उपयोगी पडलं. म्हणाली, तुम्ही लोक रडके मेसेज पाठवता, 'तुमच्याशिवाय आमचं कसं होणार', 'मला माफ करा', 'मला तुमची खूप गरज आहे', आणि मग तो पेशंट, ज्याला पाणी प्यायला उठून बसवावं लागतं, तो तुम्हाला धीर देत बसतो. मुलीला सांगतो, अगं त्याला फोन लाव, त्याला वाईट वाटत असेल. म्हणजे काम कोणाला लावलं? तर तुझ्या मेसेजने त्यांच्यावर कुठलंही काम पडलं नाही पाहिजे. उत्तर द्यायचं पण नाही. तसं स्पष्ट लिही. आणि लांबण नको, एका दमात वाचून होईल एवढंच. मॉर्फिनची गोळी चार-चार तासांनी असते, गोळी लागू पडल्यावर दुखणं कमी आणि झोप अजून आलेली नाही असा थोडा वेळ मिळतो, मुलीला तो बरोबर माहीत असणार, तेव्हा वाचू दे. (मॉर्फिनला लोक अजून घाबरतात, नशा लागेल म्हणतात, शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला कसली नशा. २०१४ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलला त्यानंतर ते मिळणं जरा सोपं झालं, त्याआधी म्हणे प्रत्येक परवान्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे उंबरे झिजवावे लागायचे. असो.)

रात्री झोप येईना तेव्हा मी नेटवर बरंच वाचलं. कॅनडात हार्वे चोचिनोव म्हणून एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी मरणाच्या जवळ असलेल्या माणसांसाठी एक पद्धत काढली, डिग्निटी थेरपी, २००५ साली त्यावर त्यांचा पेपर आला. त्यात पेशंटला विचारतात की आयुष्यात तुम्ही काय काय कामं केलीत, कशाचा अभिमान वाटतो, घरच्यांना काय सांगून ठेवायचंय, ते रेकॉर्ड करतात, नीट लिहून काढतात आणि त्याला वाचून दाखवतात, मग तो ते कागद कोणाला द्यायचे ते ठरवतो. वाचायला छान वाटलं पण अण्णांना कोणी 'तुम्हाला कशाचा अभिमान वाटतो' विचारलं तर ते भिंतीकडे तोंड करतील. मला त्यातून एवढंच मिळालं की आपण केलेलं काही मागे राहतंय का, हे माणसाला ऐकायचं असतं. विचारायला नको, आपणच सांगायचं.

दुसरं वाचलं ते ऐकण्याबद्दल. शेवटपर्यंत कान चालू असतात असं आपली आजी-पणजी सांगायची, म्हणून तर कानाशी नाव घेतात. २०२० साली ब्रिटिश कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या माणसांना ठेवतात तिथल्या, पेशंटांना ईईजी (मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र) लावून बघितलं, शेवटच्या तासांत, काहीच प्रतिसाद देत नसताना, आणि काहींच्या मेंदूने आवाजातला बदल तरुण निरोगी माणसासारखाच टिपला. समजतं का ते मात्र त्यावरून सांगता येत नाही, हे त्यांनीच लिहिलंय. तर मी ठरवलं की त्या भरवशावर थांबायचं नाही. समजतंय तोवर पाठवायचं.

मग मी ठाण्याहून रबाळ्याला जाताना गाडीत लिहायला लागलो. सध्या मी तिकडे एका टूलरूममध्ये सुपरवायझर आहे. ट्रान्स हार्बर लोकलला सकाळी बसायला मिळत नाही, एका हाताने कडी आणि एका हाताने टायपिंग, दिघा गावपर्यंत दोन ओळी आणि ऐरोलीला त्या खोडलेल्या. आणि एक गंमत झाली, गंमत म्हणजे काय, दरवेळी लिहायला घेतलं की वायरकटची गोष्ट मध्ये यायची.

ती अशी. कंपनीत वायरकट मशीन यायचं होतं, बारीक तारेतल्या विजेने स्टील कापणारं, ट्रेनिंगला एकच माणूस पाठवायचा होता, मी तेव्हा कायम झालो होतो आणि मला शंभर टक्के वाटत होतं की अण्णा माझं नाव देणार. त्यांनी दुसऱ्याचं दिलं. का ते सांगितलं नाही. मी नंतर किती काळ त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होतो. पुढे २००६ च्या आसपास कंपनीला टाळं लागलं, सगळे पांगले, मी रबाळ्याला आलो, ते व्हीआरएस घेऊन कळव्याला खारेगावात घरी बसले, आमचं येणं-जाणं राहिलं, गणपतीला जायचोच, पण ती गोष्ट कधी निघाली नाही. आणि आता मेसेजमध्ये ती बरोबर डोकं वर काढत होती, कधी रागाने, कधी 'मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय' अशा मोठेपणाने, जो रागाहून वाईट.

लोक सांगतात की शेवटी सगळं मोकळं करावं, मनात काही ठेवू नये. मला नाही पटत. म्हणजे घरातलं असेल, बापलेकाचं, नवराबायकोचं, तर असेल बुवा तसं. पण इथे? ते मला का वगळलं याचं कारण सांगत बसतील किंवा सॉरी म्हणतील, आणि दोन्ही मला ऐकायचं नाही. हा माझा हिशोब आहे, तो माझ्याकडेच राहू दे, त्याने माझं काही अडलेलं नाही. मी तो परिच्छेद काढला आणि खरं सांगतो तो काढल्यावरच बाकीचं सुचलं, कारण जागा त्यानेच अडवलेली होती.

अजून एक अडचण, सुरुवात कशी करायची. 'तीर्थरूप' म्हणजे घरचे वडीलधारे, 'गुरुवर्य' म्हटलं तर त्यांना वाटेल चुकीच्या घरी पत्र आलं. शेवटी नुसतं अण्णा. तोंडावर जी हाक मारतो तीच.

आणि काय सांगायचं, ते तर मागच्या पावसाळ्यापासून माझ्याकडे होतंच, मी त्यांना सांगायचं सांगायचं म्हणून राहिलं होतं. हा घ्या मेसेज, ताईला विचारून इथे टाकतोय. (ब्लँकिंग डाय म्हणजे पत्र्यातून चकती कापणारी डाय, बर म्हणजे कापल्यावर कडेला राहणारा खरखरीत कंगोरा, आणि ब्लू म्हणजे दोन भाग कुठे टेकतात ते दिसावं म्हणून लावायचा निळा रंग.)

'अण्णा, नमस्कार. ताई वाचतेय, तुम्ही नुसतं ऐका, उत्तर द्यायचं नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक ब्लँकिंग डाय शार्पनिंगला आली. कंपनीचं नाव घासून टाकलंय पण खालच्या प्लेटला तुमच्या हातचे नंबर आहेत, ९८ चं साल, आणि नऊ तिरका. मी लगेच ओळखला. शार्पनिंग करून ट्रायल घेतली आणि चकतीची कड बघितली, जाडीच्या एक तृतीयांश चकचकीत, चारी बाजूंनी सारखी. बर नाही. आमच्याकडची पोरं सगळं वायरकटवर करतात, त्यांना खरं वाटेना की हे कानस आणि ब्लू मारून बसवलंय. मी त्यांना अर्धा दिवस ती उघडून दाखवली. स्टील मी अजून ठिणगीवर बघून घेतो, टेस्ट सर्टिफिकेट आलं तरी. पोरांना पण शिकवलंय, ट्यूब घालवून. माझ्या दोन्ही मुलांची शिक्षणं ह्याच कामावर झाली. हे काम मला तुम्ही दिलं, ते माझ्या लक्षात आहे. काकूंना नमस्कार सांगा.'

एवढंच. मोठ्याने वाचलं तर मिनिटभर. 'ते माझ्या लक्षात आहे' च्या पुढे एक वाक्य होतं, ते भारी होतं, ते काढलं. यात 'बरे व्हा' नाही आणि 'निरोप' पण नाही. मला ते बरोबर वाटलं, काही लपवलेलं नाही आणि तोंडावर मारलेलंही नाही. बायकोने वाचलं आणि म्हणाली हे काय, डायचंच सगळं लिहिलंय. म्हटलं हो.

ताईला पाठवला आणि मोबाइल उलटा ठेवून दिला.

तिचा फोन दुसऱ्या दिवशी आला, मी शॉपफ्लोअरवर होतो, ऐकू येईना म्हणून बाहेर गेलो. म्हणाली, सकाळी वाचला, बाबा डोळे मिटून होते, मला वाटलं झोपले, मी फोन ठेवून उठले तर म्हणाले, 'पंच किती उरलाय विचार त्याला.' ताई बँकेत आहे, तिला काही कळलं नाही, तिला वाटलं भ्रम झालाय. दोनदा विचारलं तिने, बाबा कसला पंच. तर चिडले. उत्तर द्यायचं नाही असं मी लिहिलं होतं, पण प्रश्न विचारू नका असं कुठे लिहिलं होतं.

आता ज्याला या कामातलं माहीत नाही त्याच्यासाठी, पंच हा डायच्या भोकात शिरून पत्रा कापणारा वरचा भाग, त्याची आणि डायची कड बोथट झाली की वरून घासतात, दरवेळी एखाददोन दशांश एमएम जातो, असं करत करत एक दिवस पंचात घासायला काही उरत नाही आणि डाय भंगारात जाते. तर त्यांना ते हवं होतं. आणि ती डाय काही माझ्याकडे नव्हती, ज्याची होती त्याच्याकडे परत गेलेली, महापेला एक छोटा प्रेसवाला आहे. त्याला फोन केला, म्हटलं डाय उघडून पंचाची लांबी घेऊन सांगता का. तो म्हणाला कशाला, काही प्रॉब्लेम आहे का, पेमेंटचं काही राहिलंय का. त्याला सगळं सांगितलं. गप्प झाला, मग म्हणाला दुपारी सेटिंग बदलतोय तेव्हा घेतो. आणि घेतलं त्याने, व्हर्नियर लावलेला फोटोच पाठवला, पंचाचा आणि आकड्याचा.

मी ताईला कळवलं, अजून साडेचार एमएम घासायला आहे, आणि जॉब चालू आहे, रोज चालतो.

संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला, ती सांगत होती आणि मागून त्यांचा आवाज येत होता, बारीक, मला नीट कळला नाही. तिने परत सांगितलं, 'बाबा म्हणतायत पुढच्या वेळी व्हील मऊ घे म्हणावं, आणि पाणी भरपूर सोड. जाळू नको म्हणतायत. म्हणजे काय?' मी तिला सांगितलं की कडक स्टीलला मऊ व्हील लागतं, कडक व्हील लावलं तर ते घासत नाही नुसतं तापतं, वर तपकिरी डाग पडतो आणि कड लवकर जाते, आणि त्यांना सांग की मऊच वापरलंय आणि यापुढे पण मऊच वापरीन.

तिने सांगितलं. म्हणाले, कुठल्या ग्रेडचं ते विचार.